झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

अण्णांच्या कपाटात दोनच गोष्टी कुलपात असत: घराची कागदपत्रं आणि मामांनी दुबईहून आणलेली आफ्टरशेव्हची बाटली. रोजच्या दाढीला तुरटीचा खडा. बाटली निघायची ती लग्नकार्याला, नाहीतर साहेब घरी जेवायला येणार असला तर.

सतराव्या वर्षी मी ती चोरून उघडली. गालावर दाढी अशी नव्हतीच, पण वस्तरा फिरवून तीन ठिकाणी कापून घेतलं होतं. ओंजळभर ओतलं, दोन्ही गालांवर थापलं. माझा आवाज ऐकून आई तव्यावरची पोळी टाकून धावली. अण्णांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय."

अल्कोहोलची ही गंमत मला फार उशिरा कळली. त्वचेतल्या ज्या चेतातंतूंना साधारण ४२ अंशांला चटका जाणवायचा, त्यांना अल्कोहोल लागलं की ३४ अंशांलाच जाणवतो. अंग तर ३७ अंशांचं. थोडक्यात, आपल्याला आपलंच तोंड भाजतं, आणि त्याचे आपण पैसे मोजतो.

पूर्वी याला कारण तरी होतं. न्हाव्याचा एकच वस्तरा गावभर फिरायचा, कापलेलं पिकू नये म्हणून काहीतरी जहाल लावणं भाग होतं. पुढे घरोघरी सेफ्टी रेझर आला, तरी चरचर राहिली. फक्त तिला सुवास आला. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीनं १९३७ साली ओल्ड स्पाइस काढलं ते बायकांसाठी, पुरुषांचा नंबर १९३८ साली लागला. आमच्या लहानपणी टीव्हीवर त्याची जाहिरात लागे. मागे धडाडतं समूहगान, आणि एक वीर फळीवर उभा राहून अजस्र लाटेतून यायचा. ताज्या दाढीवर समुद्राचं खारं पाणी! माणूस खरा शूर.

आता आमच्या चिरंजिवांना छातीपर्यंत दाढी आहे. तिला तेल, मेण आणि स्वतंत्र कंगवा आहे. परवा दुकानात आफ्टरशेव्ह मागितलं, तर पोरगा म्हणाला, "काका, आता बाम घ्या. अल्कोहोल-फ्री, अजिबात झोंबत नाही."

घेतला. लावला. आरशासमोर दोन मिनिटं थांबलो. काही नाही. लावायचा राहिला की काय, म्हणून पुन्हा लावला.

"अहो, एवढं तोंड पाडायला काय झालं?" बायकोनं विचारलं.

सध्या बामच्या डबीमागे मी तुरटीचा खडा ठेवलाय. तोही फारसा झोंबत नाही म्हणा, पण कापलेल्या जागी निदान चुरचुरतो.