तलंगांना बाम चोळू नका

परसातल्या कोंबड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या मावशीपर्यंतही पोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: बाजारातून आणलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) त्याच रात्री अंधारात खुराड्यात सोडा, सकाळी जुन्या कोंबड्यांना पत्ताच लागत नाही, सगळ्यांच्या पिसांना बाम चोळा, म्हणजे वास एक होऊन ओळख मिटते, मारामारीत रक्त निघालं तरी मध्ये पडू नका, आणि खाद्य सगळ्यांना एकच, अंड्यावरच्या कोंबड्यांचं.

आधी बाम. कोंबडीला वास येत नाही असं नाही, पण ती दुसरीला ओळखते ती तोंडावरून आणि तुऱ्यावरून. थॉरलेफ श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने कोंबड्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून 1922 साली लिहून ठेवलं, की कळपात कोणी कोणाला चोच मारायची याची उतरंड ठरलेली असते. प्रत्येक कोंबडीला बाकीच्या वेगवेगळ्या ओळखता येतात म्हणूनच ती उतरंड टिकते. नवी तलंग आली की तिची जागा नव्याने ठरणार, आणि ती चोचीनेच ठरणार. शंभर वर्षं झाली हे माहीत होऊन. बाम आपल्या गुडघ्यांना लावावा.

रात्री सोडण्यात थोडं तथ्य आहे, तेवढं देतो. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे रात्र शांततेत जाते. पण उजाडल्यावर काय? बंद खुराड्यात नवख्या तलंगेला पळायला जागाच नसते. रात्री ठेवायचंच तर ओळख झाल्यानंतर ठेवा.

आणि खरा घात आहे तो ‘त्याच रात्री’ या दोन शब्दांत. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, अंगात शिरल्यापासून दिसायला 2 ते 15 दिवस घेतो. बाजारातली तरतरीत तलंग तो घेऊनच आलेली असू शकते. श्वासाचा जुनाट आजार त्याहून लबाड, कारण बरा दिसणारा पक्षीही तो पुढे पसरवत राहतो. एका रात्रीच्या घाईत सगळं खुराडं रिकामं होतं आणि मग दोष जातो हवेला, नाहीतर कुणाच्या तरी नजरेला. नव्या पक्ष्यांना निदान तीन आठवडे लांब ठेवा, घराच्या दुसऱ्या अंगाला. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना; भांडी वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. राणीखेतची लस दिली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. कुपी एकदम शे-दोनशे पक्ष्यांची असते म्हणून परसवाले ती टाळतात. चार घरांनी एकाच दिवशी ठरवलं तर वाया जात नाही.

त्यानंतर मध्ये जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा. एकमेकींना बघू देत, चोच पोचायला नको. मग दुपारी मोकळ्या परसात सोडा, दाणे दोन-तीन ठिकाणी टाका, आड लपायला एखादी फळी उभी करा. एकटी तलंग कधीच सोडू नका, आणि अंगाने जुन्यांच्या निम्मी असेल तर थांबा.

रक्ताचं म्हणाल तर टोचाटोची, पाठलाग, दोन-चार पिसं उडणं हे चालायचंच, त्यात आपण पडू नये, हे त्या मेसेजचं बरोबर. पण लाल दिसलं की बाकीच्याही त्याच जागी चोच मारतात आणि जखमी पक्षी जिवानिशी जातो. रक्त दिसताच तिला उचला, जखम भरेपर्यंत जाळीपलीकडे ठेवा.

खाद्याचं थोडक्यात: अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या तलंगेला सुमारे एक टक्का पुरतं. जास्तीचं तिच्या मूत्रपिंडावर येतं. म्हणून एकत्र असतील तोवर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या आपण होऊन तिकडे जातात.