इडियम्स नुसत्या पाठ काहून करायला लावता?

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंबी जा, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधी तेच, डावीकडं इडियम, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, अन् उजवीकडं अर्थ, करा पाठ! सुरुवात कायम 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'नंच (म्हणजे धो धो पाऊस), जे आता इंग्लंडातली माणसंबी रोजच्या बोलण्यात फारसं वापरत नाहीत. 'ब्रेक अ लेग' म्हणजे शुभेच्छा एवढंच सांगतेत, पण ते मुळात स्टेजवर जाणाऱ्या कलाकाराला म्हणतेत हे कोण सांगणार? लई संताप होतो राव. 'कॉल इट अ डे' (आजचं काम इथंच थांबवू), 'ऑन द सेम पेज' (सगळ्यांचं एकमत) हे ऑफिसात, मीटिंगमधी सारखं कानावर पडतं, अन् त्याचं एकबी वाक्य वहीत नसतं. लेकरं हुशार हैत, आईबाप सोयाबीन विकून फी भरतेत, मग कोणाला कधी काय म्हणायचं तेवढं तरी शिकवा ना!