‘स्प्रिंग डे’ राहिलंच की!

बीटीएस या कोरियन पॉप बँडच्या गाण्यांमागच्या पुस्तकांवरचा लेख वाचला. ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’ गाण्यामागची हर्मान हेसेची ‘डेमियन’ ही कादंबरी त्यात छान उलगडलीय, पण त्यांचं ‘स्प्रिंग डे’ (२०१७) हे गाणं राहूनच गेलं. त्याच्या व्हिडिओत मोटेलच्या पाटीवर ‘ओमेलास’ लिहिलंय. लेखिका अर्सुला ले ग्विनच्या कथेतलं हे शहर. सगळे मजेत, आणि ती मजा टिकावी म्हणून एक पोर तळघरात कोंडलेलं! काहीजण हे सहन न होऊन शहरच सोडतात. व्हिडिओत पिवळ्या फितींचं मेरी-गो-राउंडही आहे. पिवळी फीत ही दक्षिण कोरियातल्या २०१४च्या सेवॉल बोट दुर्घटनेच्या आठवणीची खूण, म्हणून चाहते गाण्याचा संबंध तिच्याशी जोडतात. ३०४ जीव गेले, त्यात २५० शाळकरी मुलं. मग ती पाटी नुसती सजावट वाटत नाही. त्यापुढे ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’च्या व्हिडिओतला ‘डेमियन’चा उतारा मला जरा मिरवल्यासारखाच वाटतो, चाहते रागावले तरी चालेल. ले ग्विनची कथा छोटीशीच आहे, आधी ती वाचा, मग गाणं लावा.