थॉर्निक्रॉफ्ट घराण्याची कला नुसती बापाकडून मुलाकडे आली नाही

लंडनला वेस्टमिन्स्टर ब्रिजपाशी रथावर उभी असलेली राणी बोडिसिया (रोमनांशी लढलेली प्राचीन ब्रिटनची राणी), तिच्या पुतळ्याचा फोटो टाकून एक मेसेज फिरतोय. हा पुतळा थॉमस थॉर्निक्रॉफ्टने 1902 साली उभा केला, त्याची कला मुलगा हेमोच्या रक्तात उतरली, बायको मेरी घर सांभाळून हाताखाली मदत करायची आणि मुली हौसेने चित्रं काढायच्या. लोक डोळे झाकून पुढे ढकलतायत, म्हणून लिहितेय.

आधी 1902 चं. थॉमस 1885 लाच वारला हो! काम त्याने 1850 च्या दशकात सुरू केलं, व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टने मॉडेल म्हणून घोडे दिले, पण थॉमस असेपर्यंत ते प्लास्टरमध्येच राहिलं आणि ब्राँझचा पुतळा तिथे लागला थॉमस गेल्यावर 17 वर्षांनी. आणि रथाच्या चाकांना लावलेली ती धारदार पाती बघून "असेच रथ असायचे" म्हणू नका, ब्रिटनमधल्या उत्खननात तशा पात्यांचा पुरावा मिळालेला नाही.

आता मेरी. ती शिल्पकार जॉन फ्रान्सिसची मुलगी, बापाकडेच शिकली, 1835 ला रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात तिने केलेला बापाचा अर्धपुतळा लागला होता. त्याच सुमारास थॉमस, चेशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा, सर्जनच्या हाताखालची उमेदवारी सोडून लंडनला आला तो याच फ्रान्सिसच्या स्टुडिओत, आणि 1840 ला दोघांचं लग्न झालं, म्हणजे थॉमस शिकला तोच मुळात सासऱ्याकडे. पुढे रोममध्ये गिब्सन या शिल्पकाराने मेरीचं काम बघितलं, व्हिक्टोरिया राणीकडे तिची शिफारस केली, आणि मग राणीची चार मुलं चार ऋतूंच्या रूपात घडवली ती मेरीने. राणीची मुलगी राजकन्या लुईझ हिला शिल्पकला शिकवली तीही मेरीनेच, आणि केन्सिंग्टन गार्डन्समधला व्हिक्टोरियाचा पुतळा या लुईझचा. हिला हाताखालची मदतनीस म्हणायचं? राग येतो खरंच.

"रक्तात उतरली" हेही मला पटत नाही. हेमो लहानपणी चेशायरला काकांच्या शेतावर वाढला, नंतर रॉयल अकॅडमीच्या शाळेत रीतसर शिकला, घरच्या स्टुडिओत राबला. त्याचा 1884 चा 'मोअर' हा पुतळा बघा, गवत कापणारा मजूर, डोक्याला हॅट, अंग उघडं, पायात जाड बूट, एक हात कमरेवर, दुसऱ्यात लांब दांड्याचा विळा, थेम्सवर होडीतून जाताना काठावर असा माणूस दिसला त्यावरून केलेला. एरवी देव, राजे, सेनापती करण्याच्या त्या काळात साधा मजूर पूर्ण उंचीचा केला, याला नजर लागते आणि ती कमवावी लागते. पार्लमेंटबाहेरचा क्रॉमवेलचा (17व्या शतकातला इंग्लंडचा सत्ताधीश) पुतळा पण त्याचाच, 1899 चा, बोडिसियापासून चालत काही मिनिटांवर.

राहिल्या मुली. अ‍ॅलिस, हेलन, थेरेसा, तिघींची कामं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागली, याला हौस म्हणत नाहीत. थेरेसाने लग्न केलं आल्फ्रेड ससूनशी. पुण्याच्या ससून हॉस्पिटलला ज्यांनी देणगी दिली त्या डेव्हिड ससून यांचा हा नातू, आणि ज्यू धर्माबाहेर लग्न केलं म्हणून आईने त्याला तोडलं. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा सीगफ्रीड ससून या दोघांचा मुलगा.