'विनंती केल्यास डेटा मिळेल' ही ओळ पुरेशी का नाही

संशोधक मंडळींत एक म्हणणं बरंच फिरतं. पेपरच्या शेवटी 'वाजवी विनंती केल्यास डेटा देऊ' ही ओळ पुरेशी आहे. ज्याला हवा तो मागेल आणि प्रामाणिक लेखक देईल. शिवाय छापण्याआधी समीक्षकांनी (त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांनी) पेपर तपासलेलाच असतो. उलट डेटा खुला केला तर दुसरेच त्यावर पेपर काढतील आणि रुग्णांची माहिती फुटेल. यातल्या शेवटच्या दोन भीती खऱ्या आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. पहिली दोन विधानं मात्र चूक आहेत.

'मागितला की मिळतो.' नाही मिळत. बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाच्या नियतकालिकांत जानेवारी २०१९ मध्ये छापून आलेल्या पेपरांपैकी १,७९२ पेपरांत डेटा देण्याची तयारी लिहिलेली होती. त्या लेखकांना मेल पाठवून डेटा मागितला, तेव्हा प्रत्यक्षात दिला १२२ जणांनी. सात टक्केही नाहीत. बाकीचे सगळे लबाड, असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थी पीएच.डी. संपवून जातो, संस्थेचा ईमेल बंद होतो, हार्ड डिस्क कपाटात पडून बिघडते. 'फायनल', 'फायनल-२' आणि 'फायनल-नवीन' यांपैकी छापलेला तक्ता कोणत्या फायलीतून आला, हे पाच वर्षांनी लेखकालाही सांगता येत नाही. ५१६ अभ्यासांचा माग काढणाऱ्या २०१४ च्या पाहणीत डेटा मिळण्याचे ऑड्स (मिळणं आणि न मिळणं यांचं गुणोत्तर) पेपरच्या वयाबरोबर दरवर्षी १७ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे सगळ्यांचा हेतू चांगला धरला, तरी ही ओळ दरवर्षी कमजोर होत जाते.

'समीक्षक तपासतातच.' त्यांच्या हाती मजकूर, तक्ते आणि आकृत्या येतात; मूळ शीट क्वचितच येते. चूक कुठे लपते, ते राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या पेपरात दिसतं. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते, असं त्यात होतं. एक्सेलमध्ये २० देश ओळ ३० ते ४९ मध्ये होते, पण सरासरीचं सूत्र ४४ व्या ओळीवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेरच राहिले. गाजली ती ही चूक. आकडा जास्त हलला तो मात्र काही देशांची काही वर्षं वगळल्यामुळे आणि भार देण्याच्या पद्धतीमुळे: न्यूझीलंडच्या एका वर्षाला (उणे ७.६ टक्के) ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन मिळालं होतं. हर्नडन, ॲश आणि पोलिन यांनी २०१३ मध्ये फेरगणित केलं तेव्हा सरासरी २.२ टक्के आली. हा पेपर परिषदेच्या अंकातला होता, त्याची नेहमीसारखी समीक्षा झाली नव्हती. पण झाली असती तरी हे नुसतं वाचून सापडणारं नव्हतं. मागितल्यावर लेखकांनी शीट दिली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तोवर तीन वर्षं गेली होती आणि काटकसरीच्या धोरणांच्या वादात तो आकडा पुढे केला जात होता.

समीक्षेआधीच कच्चा डेटा मागितला तर काय होतं, हे 'मॉलिक्युलर ब्रेन' या नियतकालिकाचे संपादक त्सुयोशी मियाकावा यांनी २०२० मध्ये लिहिलं. त्यांनी ४१ हस्तलिखितांसाठी तो मागितला. २१ मागे घेतली गेली आणि उरलेल्या २० पैकी १९ पुरेसा डेटा न आल्यानं नाकारली गेली.

'दुसरे पेपर काढतील.' यासाठी राखीव मुदत ठेवता येते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा १८ महिने निरीक्षण करणाऱ्या गटाकडे राहतो, मग सर्वांना खुला होतो. झेनोडो या ऑनलाइन डेटा-भांडारातही डेटा आज ठेवून खुला होण्याची तारीख पुढची देता येते. डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, त्यामुळे डेटा कोणाचा आणि कधीचा याची नोंद राहते.

'रुग्णांची माहिती फुटेल.' नुसतं नाव पुसलं तर फुटेलच. जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग एकत्र आले की अनेकदा माणूस ओळखू येतो. तालुक्यात दुर्मीळ आजाराचा एकच रुग्ण असेल तर तेवढंही लागत नाही. तारखेऐवजी वयोगट द्या, पिनकोडऐवजी जिल्हा. तरीही धोका वाटला तर फाइल समितीच्या परवानगीनंच मिळेल अशा भांडारात ठेवा. विश्लेषणाचा कोड आणि स्तंभांची यादी मात्र खुली ठेवायला हरकत नसते.

नुसतं अपलोड करूनही भागत नाही. हार्वर्ड डेटाव्हर्स या डेटा-भांडारातल्या, आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या ९,००० हून अधिक फायली चालवून पाहिल्या, तेव्हा ७४ टक्के पहिल्याच फेरीत अडकल्या. कोड आपोआप साफ करून घेतल्यावरही ५६ टक्के चालल्या नाहीत. नेहमीची कारणं साधी असतात: कोडमध्ये स्वतःच्या सी ड्राइव्हचा पत्ता, न नोंदवलेली पॅकेजं (कोडला लागणारे तयार जोड-प्रोग्राम), बदललेल्या आवृत्त्या.

म्हणून कच्ची फाइल केवळ-वाचन (उघडता येईल, बदलता येणार नाही अशी) करून ठेवा आणि सफाई कोडनंच करा, हातानं नाही. तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत द्या. पेशींना पिवळा रंग देऊन साठवलेली माहिती सीएसव्हीत उरत नाही, तिच्यासाठी वेगळा स्तंभ करा. ०३/०४/२०२१ ऐवजी २०२१-०४-०३ लिहा. स्तंभांच्या यादीत एकक द्या आणि गैरहजर नोंदीची खूण सांगा. ती उणे ९९ असेल आणि कुठे लिहिलेली नसेल, तर कोणीतरी तिची सरासरी काढतो. रँडम सीड (यादृच्छिक आकडे पुन्हा तेच यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा अंक) आणि पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवा. मग सगळं फोल्डर या कामात नसलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर चालवायला द्या. तक्ता क्रमांक १ तिथे दशांशासकट तसाच आला, की पेपर पाठवा आणि समीक्षकांसाठी खासगी दुवा सोबत जोडा.