शाळेतल्या ‘ऑलिम्पियाड’चं पदक आणि भारतीय संघ: एक खुलासा

‘शाळेतल्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं की आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या (आयएमओ) भारतीय संघाच्या निवडीत थेट प्रवेश, मात्र त्याआधी अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस उरकून घ्या’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

शाळेत फी भरून दिल्या जाणाऱ्या खासगी परीक्षा या निवडीचा भाग नाहीत. काहींचं लघुरूपही ‘आयएमओ’च असतं, त्यामुळे घोळ होतो (तो कुणाच्या सोयीचा, हे सांगायला नको). गणिताच्या भारतीय संघाची वाट ‘आयओक्यूएम’ या पात्रता परीक्षेपासून सुरू होते. पुढे आरएमओ (प्रादेशिक फेरी), आयएनएमओ (राष्ट्रीय फेरी) आणि शेवटी प्रशिक्षण शिबिर. ही प्रक्रिया मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राच्या पहिल्या फेरीचं काम भौतिकशास्त्र शिक्षकांच्या ‘आयएपीटी’ या संघटनेकडे असतं.

राहिलं कॅल्क्युलस. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवसांत सहा प्रश्न, रोज साडेचार तास, एकूण 42 गुण. विषय चार: बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत, चयनगणित (मोजणी आणि मांडणीचं गणित). यात कॅल्क्युलस नाही. पर्याय निवडायचे नसतात, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. म्हणून आठवी-नववीतल्या मुलाला बारावीचं पुस्तक देऊ नका. एकाच प्रश्नावर दोन-दोन दिवस डोकं खपवू द्या आणि उत्तर आलं तरी ‘का?’ हे वहीत नीट लिहायला लावा.