कॅमेरा धरणाऱ्याचं पोस्टर कुठंय?

विषय निघाला तो बंड्याच्या डब्यांवरून. गाडीच्या मागे दोन बाजूंना दोन आणि वर एक, असे तीन ॲल्युमिनियमचे डबे, त्यांवर देशोदेशीचे स्टिकर. स्टिकर घरपोच मागवलेले, गाडी रोज ऑफिसला जाणारी. त्या संध्याकाळी गाडी कट्ट्याला लावून बंड्यानं जाहीर केलं, की इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन ह्या दोन नटांच्या मोटरसायकल प्रवासाची 'लाँग वे होम' पुन्हा पहिल्यापासून बघून झाली आणि त्यांच्या चारही मालिकांत पहिल्या 'लाँग वे राउंड'ची सर कुणालाच नाही.

"कशी असेल? पहिल्या वेळी त्यांना काही येत नव्हतं," शैलाताई म्हणाली. "शिकलेल्या माणसाची फजिती बघण्यात काय मजा?"

अप्पांना एवढं निमित्त पुरलं. "पुढे-मागे गाड्या, सॅटेलाइट फोन, डॉक्टर, आणि ह्याला साहस म्हणायचं! टेड सायमन १९७३ साली जगभर फिरायला निघाला. एकटा. पाचशे सीसीची ट्रायम्फ. चार वर्षं."

"आणि तोच टेड सायमन मंगोलियात ह्या दोघांना भेटून गेला, अप्पा. त्याला चाललं. तुम्हाला चालत नाही," शैलाताई म्हणाली.

"मला चालायला काय, मी त्यात आहे कुठे? बंड्याला विचार, तोच त्यांच्याबरोबर जाऊन आला असल्यासारखा बोलतो. बंड्या, आधी माझा चोवीसचा पाना आण, मग मंगोलियाचं बोल."

"घरी आहे अप्पा, आणतो," बंड्या म्हणाला. दोन वर्षं तो हेच म्हणतोय.

ओंक्या आमच्यात सगळ्यात लहान. त्यानं केटीएमचा विषय काढला. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन ह्या दोघांना केटीएमच हवी होती, कंपनीनं नाही म्हटलं आणि मग बीएमडब्ल्यू आली, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. नकार ऐकल्यावरचा चार्लीचा चेहराही. बंड्याच्या मते तो नियतीचा संकेत होता, कारण त्या रस्त्याला बीएमडब्ल्यूच्या जीएसशिवाय दुसरी गाडी टिकलीच नसती.

"टिकली?" शैलाताईनं विचारलं. आम्ही जरा सरसावून बसलो. वेल्डिंग आणि लेथ हा तिचा रोजचा धंदा. ती एका शब्दात प्रश्न विचारते तेव्हा पुढे व्याख्यान असतं.

"मंगोलियात काय मोडलं?"

"फ्रेम. पण ते रस्ते..."

"रस्ते नाहीत रे, डबे. त्यांची जीएस अकरापन्नास ॲडव्हेंचर पेट्रोलसकट अडीचशे किलोच्या वर जाते. त्यावर तीन डबे, तंबू, टायर, कॅमेऱ्याचं सामान. हे सगळं टांगलंय कशाला? मागच्या सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या नळ्यांच्या सांगाड्याला, तेही आसाच्या मागे. चाक खड्ड्यातून वर उसळलं की डब्यातला किलो किलो राहत नाही, कितीतरी पटीनं आपटतो. एका आपटीनं नळी तुटत नाही. वेल्डच्या कडेला नाहीतर बोल्टच्या भोकाशी केसाएवढी चीर पडते आणि रोज थोडी पुढे सरकते. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी फडकं घेऊन सबफ्रेम पुसायची. जिथे फडक्याचा धागा अडकेल तिथे बघायचं. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली तर चीर आहेच. बोल्टचे टॉर्क बघायचे. आणि जड सामान वर-मागे नाही, खाली-पुढे. टाकीवरच्या पिशवीत पाने, वरच्या डब्यात कपडे. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात."

बंड्यानं स्वतःच्या वरच्या डब्यावर कोपर टेकलं होतं, ते हळूच काढलं.

"पण जोडली ना त्यांनी!"

"कारण ती लोखंडाची होती. लोखंड कुठल्याही गावात साध्या आर्कवर जोडता येतं. ॲल्युमिनियमची सबफ्रेम असती तर टिग मशीन आणि आर्गॉनची बाटली शोधत फिरले असते. आणि जोडतानाही अक्कल लागते. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, त्याचे आणि एबीएसचे प्लग काढायचे, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावायचा. चिमटा पुढच्या चाकाला आणि वेल्ड मागे, असं केलंस तर करंट मधल्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. वेल्डर मिळेपर्यंत तुटलेल्या नळीला दोन्ही अंगांनी टायर लिव्हर लावायचे आणि होज क्लिपनं आवळायचे. हाड मोडल्यावर फळ्या बांधतात तसं."

"होज क्लिप आहेत माझ्याकडे," बंड्या म्हणाला. "डाव्या डब्यात. सगळं आहे माझ्याकडे."

इथून गप्पांची गाडी नदी ओलांडण्याकडे गेली. याकुत्स्क ते मगादान हा कोलिमाचा रस्ता साधारण दोन हजार किलोमीटरचा. गुलागच्या, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांतल्या, कैद्यांकडून बांधून घेतलेला, म्हणून नावच हाडांचा रस्ता. २००४ मध्ये तिथले पूल वाहून गेलेले, नद्या फुगलेल्या, आणि शेवटी मोटरसायकली ट्रकवर चढवाव्या लागल्या. ह्या ट्रकवरून मोटरसायकलवाल्यांत वीस वर्षं भांडण आहे. अप्पांचं म्हणणं, ट्रकवर चढलात तिथे प्रवास संपला. बंड्याचं म्हणणं, दुसरा गिअर, फुल थ्रॉटल आणि आरपार.

"फुल थ्रॉटल दिलास तर पुढची लाट तुझ्याच एअर इनटेकमध्ये," शैलाताई म्हणाली. "आधी पायी चालून बघायचं. बूट भिजले तरी चालतील. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल, तर ट्रक शोधण्यात लाज कसली? जायचंच तर पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, उभं राहून, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलंस की गाडी पाण्याबरोबर जाते. पडलास तर पहिल्यांदा काय करशील?"

"गाडी उचलून स्टार्टर मारणार."

"झालं. कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी दाबलं जात नाही रे, हवा दाबली जाते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारायचा नसतो. किल स्विच बंद, गाडी बाहेर, एअर फिल्टर उघडून बघ. ओला असेल तर स्पार्क प्लग काढ आणि मग इंजिन फिरव, म्हणजे भोकातून पिचकारी उडेल. ऑइलची खिडकी बघ. दुधाळ दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय सुरू करायची नाही. जीएसची एक गोष्ट मान्य करते, सिलिंडर दोन्हीकडे बाहेर आलेत, प्लग काढायला टाकी उतरवावी लागत नाही."

जीएसला एवढी दाद मिळाल्यावर बंड्याला जोर चढला. त्यानं अप्पांकडे वळून विचारलं, एवढं सगळं दोघांनी केलं, तरी तुम्ही त्यांना रायडर का म्हणत नाही?

"दोघांनी?" उत्तर आलं ते शैलाताईकडून. "तिघांनी. तुमच्या सगळ्यांच्या भिंतीवर पोस्टर दोघांचं. त्यांचा कॅमेरावाला क्लाउदिओ फॉन प्लांटा कुठंय?"

हा तिचा जुना मुद्दा. पण त्या दिवशी तिनं तो नीट फोडून सांगितला, म्हणून हे लिहायला घेतलं.

"डोंगराच्या कडेवरून दोन गाड्या येतात, धूळ मागे राहते, सूर्य खाली गेलाय. तुम्ही म्हणता, काय एकटेपणा! अरे, समोर कोणीतरी उभा आहे. तो त्यांच्या आधी निघालाय, त्याच खडीवरून, तशीच गाडी घेऊन. जागा बघून थांबलाय. साइड स्टँड वाळूत रुतू नये म्हणून खाली चपटा दगड सरकवलाय. हातमोजे काढले, कॅमेरा काढला, लेन्स पुसली, फोकस धरला. ते दोघे झूमकन निघून गेले. आता ह्यानं सगळं परत बांधायचं आणि त्यांची धूळ खात त्यांना गाठायचं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. चिखलात गाडी पडली की पडलेला चार्ली दिसतो, पण ती पडताना दिसली म्हणजे हा आधीच उतरून उभा होता. पडलेली गाडी उचलायलाही हाच, कॅमेरा खाली ठेवून. आणि हा स्वतः पडतो ते कोण टिपणार? बरं, ह्या माणसानं बाइकची परीक्षा निघायच्या तोंडावर दिली होती. नापास झाला होता."

"नापास?" ओंक्याला हे नवीन होतं.

"नापास. मग लायसन्स काढून त्यांना गाठलं. मंगोलियात ह्याची बीएमडब्ल्यू कामातून गेली, तर ह्यानं तिथेच एक रशियन इझ प्लॅनेटा घेतली. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, साडेतीनशेच्या आतबाहेर. आणि त्या चिखलात ती हलकी गाडी ह्या दोन हत्तींपेक्षा सुखात चालली. डबेवाल्यांनी हा भाग डोळे मिटून बघितलेला दिसतो."

अप्पा खूश झाले. हलकी गाडी म्हणजे जणू त्यांचीच बाजू. शैलाताईनं त्यांनाही सोडलं नाही. "एवढं खुलू नका. तुमचा टेड सायमन एकटा होता म्हणूनच त्याची पडझड आपल्याला दिसत नाही. ह्यांची दिसते, ती गाडीमागच्या गाड्यांमुळेच. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या काय वाऱ्यावर चार्ज होतात?"

बॅटरी म्हटल्यावर ओंक्या 'लाँग वे अप'वर आला. त्याला तीच आवडते. २०१९ साली उशुआयाहून लॉस एंजेलिस, हार्ली लाइव्हवायर, सोबतीला रिव्हियनच्या इलेक्ट्रिक गाड्या. बाकीचे ती मालिका म्हणजे चार्जिंगच्या सॉकेटची शोधयात्रा म्हणून हिणवतात. मला विचाराल तर यंत्राशी झटापट खरी तिथेच आहे. साडेपंधरा किलोवॅट-तासांची बॅटरी, फास्ट चार्जर असेल तर तासाभरात भरते, पण भिंतीतल्या सॉकेटवर रात्रभर बसावं लागतं. पॅटागोनियात फास्ट चार्जर कुठून असणार? शिवाय थंडी. गोठणबिंदूच्या आसपास लिथियमचे सेल भराभर चार्ज केले तर आत धातू साचून सेल खराब होतो, म्हणून गाडीचा संगणक स्वतःच करंट तोडतो. आणि समोरून वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे अशा ठिकाणी पोचायचं असेल तर हळू जाणं हा एकच उपाय. अप्पांनी ह्यावर "म्हणजे सायकल" एवढंच म्हटलं.

मग 'होम'मधली १९७४ ची मोटो गुझी एल्डोराडो आणि १९७३ ची बीएमडब्ल्यू आर पंचाहत्तर/पाच निघाली आणि अप्पा विरघळले. सपोर्ट गाड्या, डॉक्टर सगळं माफ. "ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सचा गॅप किती ठेवायचा माहितेय? शून्य पॉइंट पस्तीस ते चाळीस मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर जरा जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं. तेच कार्ड पॉइंट्समधून ओढलं की तेलकटपणाही निघतो. आहे का तुमच्या ईसीयूला असलं काही?"

"म्हणजे तुम्ही चारही बघितल्यात," शैलाताई म्हणाली.

अप्पांनी चष्मा पुसला.

बोलता बोलता शैलाताईचं लक्ष मघापासून बंड्याच्या मागच्या चाकाकडे होतं. "बंड्या, टायर बसलाय." चाकाच्या मधोमध खिळा. बंड्याला उलट आनंदच झाला. ट्यूबलेस टायर, आणि सगळं सामान डब्यात! त्यानं डावा डबा उघडला, किट काढलं, खिळा उपटला. रिमर आत घालून भोक साफ केलं, दोरी सुईत ओवली. सोल्यूशनची ट्यूब दाबली तर आत दगड. एकदा उघडलेली ट्यूब टोपणाआड वाळतेच. दर मोसमाला नवी ठेवायची असते. शैलाताईनं दोरी तशीच दाबून बसवायला लावली, सुई झटक्यात ओढून घेतली, टोकं बोटभर ठेवून कापली. थुंकी लावून बघायचं, तर बुडबुडे यायला टायरमध्ये हवाच उरली नव्हती.

"कंप्रेसर आहे!" बंड्या म्हणाला आणि तो हँडलजवळच्या सॉकेटमध्ये खोचला. घर्र झालं आणि बंद पडलं. पुन्हा खोचला, पुन्हा बंद. "अरे, ते सॉकेट मोबाइलसाठी असतं," शैलाताई म्हणाली. "कंप्रेसर दहा अँपिअरच्या वर खेचतो, गाडीचा संगणक लगेच लाइन तोडतो. थेट बॅटरीवरून फ्यूजसकट वायर काढून ठेवायची असते. काढलीयेस?"

नव्हती. अप्पा उठले आणि स्वतःच्या गाडीच्या फ्रेमला बांधलेला हातपंप सोडून आणला. बंड्या दट्टे मारायला लागला. ओंक्या मोबाइल धरून शूटिंग करत आकडा मोजत होता. साठाला जॅकेट निघालं, शंभराला गुडघ्यांचे गार्ड. गेजवर पंधरा पीएसआय.

"क्लाउदिओ, जवळून घे," शैलाताईनं ओंक्याला सांगितलं.

दीडशेला बंड्यानं पंप अप्पांच्या हातात दिला आणि घाम पुसायला फडकं म्हणून उजवा डबा उघडला. फडक्याबरोबर खणकन खाली पडला तो चोवीसचा पाना. दांड्यावर अप्पांनी मारलेला लाल रंग तसाच.

ओंक्याच्या व्हिडिओत पुढचं काही धड ऐकू येत नाही.